एक बरगडी खाली

पोस्टमनचं हृदय आज लांब दिसत होतं. इको काढायच्या बावीस वर्षांच्या नोकरीत तिने पडद्यावर हजारो हृदयं पाहिली होती, फुगलेली, दमलेली, उगाच धावणारी, पण धडधाकट चालत आलेल्या माणसाचं हृदय सहा महिन्यांत बोटभर लांब झालं असं तिने कधी ऐकलं नव्हतं. निवृत्त पोस्टमन डाव्या कुशीवर, भिंतीकडे तोंड करून झोपले होते. ती त्यांच्या पाठीशी स्टुलावर बसली होती आणि तिचा उजवा हात त्यांच्या अंगावरून पलीकडे जाऊन छातीवर मशीनचा प्रोब दाबत होता. या कामाची बैठकच तशी. दिवसभर परक्या माणसांना मागून अर्धी मिठी मारून बसायचं आणि नजर मात्र पडद्यावर ठेवायची. सहा महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट टेबलावर उघडा होता, खाली तिचीच सही. पंपिंग पंचावन्न टक्के. डावा कप्पा दर ठोक्याला भरतो, त्यातलं रक्त किती बाहेर ढकलतो त्याचा हा आकडा. पंचावन्न म्हणजे निरोगी माणसाइतका. आणि आज पडद्यावर तोच कप्पा खाली निमुळता होत गेलेला, आणि त्याच्या टोकाजवळची भिंत आकसायचं नावच घेत नव्हती. वरचा भाग बिचारा ओढत होता, खालचा नुसता पाहत होता. अरे देवा, ह्यांना मधल्या काळात झटका येऊन गेला की काय, असं तिच्या मनात आलं आणि तिने विचारलं, "काका, मध्ये कधी छातीत दुखलं होतं? घाम वगैरे?" पोस्टमन भिंतीला म्हणाले, "छे. होतो तसाच आहे. तेव्हाही दमायचो, आताही दमतो." तिचा हात तिथेच थांबला.

हात कुठे थांबलाय हे तिने तेव्हा खाली वाकून पाहिलं. रोजच्यापेक्षा तो एक बरगडी खाली होता आणि बराच पलीकडे, काखेच्या बाजूला. ती जागा हाताने स्वतःहून शोधली होती. सकाळी आठ वाजता, कामावर येता येता, हाडांच्या डॉक्टरांनी खांद्यात इंजेक्शन दिलं होतं. "दुपारपर्यंत हलकं वाटेल, संध्याकाळी आई आठवेल, आणि दोन दिवसांनी मला दुवा द्याल," असं ते म्हणाले होते. त्यामुळे वर्षभरात पहिल्यांदा खांदा दुखत नव्हता, आणि न दुखणारा हात सरळ आपल्या जुन्या जागी जाऊन बसला होता. तिने प्रोब एक बरगडी वर घेतला. कप्पा लगेच आखूड झाला, गोल झाला, आणि काय तुरुतुरु आकसायला लागला. खाली नेला. लांब, निमुळता, टोकाशी मख्ख. पुन्हा वर, पुन्हा खाली. "गुदगुल्या होतायत बाई," पोस्टमन म्हणाले. ती हसली नाही. वरून पाहिलं की कप्प्याचं टोकच तिरप्या कापात निसटतं, आणि जिथे दुखणं आहे तेवढाच भाग नजरेआड जातो. शिकताना पहिल्या आठवड्यात सांगतात हे. शिकवणाऱ्या बाई तर डोकं खायच्या, खोटं टोक फार नाचतं गं, नाचरं टोक दिसलं की समजायचं आपण अजून वर आहोत, आणखी खाली जायचं. ती स्वतः नव्या लोकांना हेच सांगत आली होती. कपडे सावरत पोस्टमननी सगळेच विचारतात तेच विचारलं, "पंपिंग किती? मागच्या वेळी पंचावन्न होतं ना?" "होतं," ती म्हणाली, "आज जरा कमी आलंय, डॉक्टर बोलतील तुमच्याशी." खोटं त्यात एक अक्षर नव्हतं. पण दार लागल्यावर तिला आपल्याच तोंडाची शिसारी आली.

वर्षभर खांदा दुखत होता आणि तिने कुणाला सांगितलं नव्हतं. सांगून काय होणार? दिवसाला वीस-बावीस माणसं, मशीन एक, हात एक. पहिल्यांदा दुखलं तेव्हा वाटलं उशी बदलावी. मग वाटलं वय झालं. मग वाटणंही बंद झालं, आणि दुखणं अंगवळणी पडलं. पण अंगवळणी पडतं म्हणजे काय, हे आज कळत होतं. अंग आपली सोय आपण बघतं, मालकाला विचारत नाही. आधी कोपर जरा जवळ आलं असेल. मग हात जरा कमी पसरला असेल. मग कधीतरी, एखाद्या लठ्ठ माणसाच्या वेळी, दिवसाच्या सतराव्या किंवा अठराव्या वेळी, तो एक बरगडी वर थांबला असेल आणि चित्र चांगलं दिसलं असेल. चांगलंच दिसणार ना! आणि चांगलं दिसतंय म्हटल्यावर दमलेलं माणूस कशाला पुढे जातंय. मोठे डॉक्टर रिपोर्टांवर भराभर सह्या करत जात. "ताईंनी बघितलंय ना, मग मी काय वेगळं बघणार," असं ते पेशंटसमोर म्हणत, आणि दरवेळी तिला आतून बरं वाटे. बावीस वर्षं ती ह्याच बरं वाटण्यावर जगली होती. लग्न केलं नाही, घर म्हणजे दोन खोल्या आणि एक खिडकी, पण डोळा मात्र असा की मशीनने आकडा काढायच्या आधी हिने तोंडाने सांगावा आणि तोच यावा. पुढचा पेशंट आत येत होता. तिने त्याला झोपवलं, आणि जेल लावता लावता तिला एकदम आठवलं. दादा. दादाचा इको तिनेच केला होता. सहा महिन्यांपूर्वी, शनिवारी, सगळे पेशंट संपल्यावर.

दादा तिच्याहून आठ वर्षांनी मोठा. वडील गेले तेव्हा तो सोळाचा होता. शाळा सोडून लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेस्त्रीच्या हाताखाली लागला, म्हणून ती शिकली. हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, आणि न बोलल्यामुळेच ते तिच्या डोक्यावरून कधी उतरलं नाही. दोन वर्षांपूर्वी त्याला झटका आला, समोरची मोठी रक्तवाहिनी तुंबलेली, आत स्टेंट बसवला. तेव्हाचं पंपिंग चाळीस. त्याला कामावरून खाली आणून खुर्चीत बसवलं, तक्रारींचे फोन घ्यायला. खुर्चीत तो सुकत चालला. "माणसाला टेलिफोनला बांधून ठेवलंय, चिमे," म्हणायचा. त्याचं वय अठ्ठावन्न झालं तरी बहीण चिमीच. आणि मग त्या शनिवारी तिने पडद्यावर कडा आखल्या, एकदा कप्पा भरलेला असताना, एकदा आकसलेला असताना, आणि मशीनने आकडा टाकला, पंचावन्न. ती अक्षरशः ओरडली होती. वहिनी बाहेर बाकावर बसलेली, ती आत येऊन रडायला लागली. मोठ्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून एक गोळी बंद केली, कामाला जायची परवानगी दिली, आणि दादा आपली हत्यारांची पिशवी खांद्याला मारून पुन्हा जिने चढायला लागला. लिफ्टवाल्याच्या नशिबी जिनेच, हा त्याचा ठरलेला विनोद. लिफ्ट चालू असते तिथे त्याला कोण बोलावतो? महिन्याभरात त्याचा पहिला फोन आला होता. "चिमे, तिसऱ्या मजल्यावर दम लागतो गं." ती म्हणाली, दीड वर्ष बसून होतास, लागणारच. दुसऱ्यांदा म्हणाला, रात्री दोन उश्या घेतल्याशिवाय झोप येत नाही. ती म्हणाली, दादा, तुझं पंपिंग माझ्याहून चांगलं असेल, मनाचे खेळ आहेत हे. तिसऱ्यांदा वहिनीच फोनवर होती, "ह्यांना कामाचा कंटाळा आलाय, दुसरं काही नाही, तुमचा रिपोर्ट मी कपाटावर चिकटवून ठेवलाय, रोज दाखवते." दोघी हसल्या होत्या. चौथ्यांदा फोन आलाच नाही. तिला वाटलं, बरं झालं, सवय झाली त्याला.

अकराला चहाची सुट्टी असते. चहा तसाच ठेवून तिने मशीनमध्ये दादाची जुनी चित्रं काढली. काढायची इच्छा नव्हती, चोराच्या मनात चांदणं, पण काढली. कप्पा गोल, आखूड, टोक नाचतंय. एखाद्या शिकाऊ मुलीने हे दाखवलं असतं तर तिने त्या मुलीची सालटी काढली असती. आणि ह्याच चित्रावर ती ओरडली होती, वहिनी रडली होती, एक गोळी बंद झाली होती. आता खाली काय असेल ते मशीनलाही ठाऊक नव्हतं. जे दाखवलं नाही ते त्याने साठवलं नव्हतं. तिने फोन लावला. बराच वेळ वाजला. "बोल चिमे," दादा म्हणाला, आणि त्या दोन शब्दांच्या मध्ये त्याने श्वास घेतलेला तिला ऐकू आला. आजच ऐकू आला. "कुठे आहेस?" "सातव्यावर. लिफ्ट पाचव्यावर अडकलीये, आत कुणी नाही, काळजी नको." "दादा, काम तिथेच ठेव. हळू खाली ये. प्रत्येक मजल्यावर बस. आणि इकडे ये." "का गं, काय झालं? तू बरी आहेस ना?" ह्याला म्हणतात दादा. तिला वाटलं आत्ता सांगून टाकावं, पण सात मजले उतरायचे होते त्याला. "मशीनमध्ये जरा बदल केलाय," ती म्हणाली, "जुने पेशंट पुन्हा बघतोय." "मग संध्याकाळी येतो." "आत्ता ये म्हटलं ना!" ती एवढ्या जोरात बोलली की बाहेरच्या बाकावरची दोन माणसं वळून बघायला लागली. "येतो बाई," दादा म्हणाला, "तीनपर्यंत पोचतो. मोटार उघडी पडलीये, झाकून तरी येतो."

तीनपर्यंत तिने नऊ माणसं पाहिली. प्रत्येकाला एक बरगडी खाली. साडेबाराच्या सुमाराला औषध उतरायला लागलं, आणि मग खांद्यात जे सुरू झालं त्याला वर्षभराच्या दुखण्याची सर नव्हती. हात पुढे टाकला की डोळ्यांसमोर काजवे चमकत. तरी ती खाली जात राहिली. नवांपैकी सात जण जसे दिसायला हवेत तसे दिसले, एकदोन तर वरूनही तसेच दिसले असते, आणि तिला क्षणभर वाटायचं की दादाचंही तसंच असेल, आपण उगाच जीव टांगणीला लावलाय. मग पोस्टमनची पाठ आठवायची. आणि त्याच्या मागून, अगदी हळू, दुसरा एक विचार यायचा, फार समजूतदार विचार. दादाचा आकडा आज कमी आला तर तो कमी आला. हा आजार वाढतोच. कोण विचारणार आहे? रिपोर्टात लिहायचं, पूर्वीच्या तुलनेत घट. डॉक्टर मान हलवतील, गोळी पुन्हा सुरू करतील, दादाला खुर्चीत बसवतील, वहिनी म्हणेल नशीब वेळेवर बघितलंत. वेळेवर! ते ऐकून घ्यायचं आणि चहा घ्यायचा. आपलेच दात आपलेच ओठ, दोष कुणाला द्यायचा आणि मिळवायचं काय? ह्या विचारात काही चूक सापडत नव्हती, आणि म्हणूनच ती जास्त दमत होती. तिला दादाबरोबर एकदा कामावर गेल्याचं आठवलं, ती दहा वर्षांची असताना. एका म्हातारीची तक्रार होती की लिफ्ट थांबताना धक्का बसतो. दादाचा मेस्त्री मीटर लावून म्हणाला, सगळं ठीक आहे, आजीबाईंना भास होतो. दादा तेव्हा अठराचा, मिसरूड फुटलेलं पोर, पण म्हणाला, "मेस्त्री, मीटर म्हणतं ठीक, आजी म्हणते धक्का. आजी रोज बसते लिफ्टमध्ये. मीटर कधी बसलंय?" मेस्त्रीने त्याला शिवी हासडली. पण दादाने दोन तास खपून दोराच्या चाकाला पडलेली चीर शोधली होती. पुढे स्वतः मेस्त्री झाल्यावर त्याने एक वही ठेवली. त्याचा नियम असा की आधी तक्रार लिहायची, माणूस बोलेल तशी, सगळी, आणि मगच हत्यार काढायचं. त्या दुपारी परत येताना त्याने तिला खांद्यावर घेतलं होतं, ती मोठी झाली होती तरी, आणि चार मजले तसाच उतरला होता. ती त्याच्या कानाला धरून बसली होती.

तीनला दहा कमी असताना दादा आला. दारात उभा राहून आधी म्हणाला, "तुमच्या लिफ्टचा दोर बघायला सांग कुणाला तरी, कुरकुरतोय," आणि मग दाराच्या चौकटीला हात लावून थांबला. लिफ्टने येऊनही थांबला. ओठांचा रंग, घोट्याजवळ मोज्याने पाडलेली खोल खूण, सगळं तिला दिसलं; बाहेरच्या कुठल्याही माणसाचं तिला पहिल्या नजरेत दिसलं असतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्याने सदरा काढला, घडी घातली, कुशीवर वळला. जेल लावताना तो म्हणाला, "गार आहे गं," नेहमीसारखा. तिने हात त्याच्या अंगावरून पलीकडे टाकला. खांद्यातून कळ कोपरापर्यंत गेली. एक बरगडी वर ती ओळखीची जागा होती, तिथे काही दुखत नव्हतं, तिथे दादाचं हृदय गोल आणि हसरं होतं. ती खाली गेली. आणखी पलीकडे. दात आवळून दाबलं. आणि कप्पा उलगडत गेला, लांब, लांब, आणि टोक आलं. हललं नाही. तिने वाट पाहिली, एक ठोका, दुसरा, दहा. समोरची भिंत अर्ध्यातून खाली पातळ झालेली, नुसती लोंबकळत होती. टोकाशी रक्ताची गुठळी धरलीये का ते तिने तीनदा फिरवून पाहिलं. गुठळी नव्हती, तेवढी देवाने लाज राखली. मग तिने कडा आखल्या, भरलेला, आकसलेला. मशीनने आकडा टाकला. चौतीस.

"किती?" दादाने भिंतीला विचारलं. त्याचं तोंड पलीकडे होतं ते एका परीने बरं होतं. पाठ ओळखीची होती, डाव्या खांद्याखाली तीळ, मानेजवळ पिशवीच्या पट्ट्याने घासून काळी पडलेली कातडी. समजूतदार विचार अजून तिथेच उभा होता. तिच्या मनात आलं, मागच्या वेळेबद्दल बोलायचं नाही, फक्त एवढंच. "चौतीस," ती म्हणाली. "आणि दादा, ऐक. मागच्या वेळीही एवढंच होतं. किंवा ह्याच्याच आसपास. तेव्हा मी चुकीच्या जागेवरून बघितलं. वरून. टोक मला दिसलंच नाही, आणि मी शोधलंही नाही. पंचावन्न कधी नव्हतंच." बोलताना तिचा आवाज इतका सपाट होता की तिला वाटलं दुसरंच कुणीतरी रिपोर्ट वाचून दाखवतंय. मग दादा म्हणाला, "म्हणजे मला खरंच दम लागत होता?"

"हो."

"तिसऱ्या मजल्यावर बसायचो, ते?"

"खरं होतं ते, दादा."

"उश्या?"

"उश्यासुद्धा."

त्याची पाठ हलायला लागली. आधी तिला वाटलं तो हसतोय. "बरं झालं बाई," तो म्हणाला, आणि त्याला पुढे बोलता येईना, "बरं झालं. मला वाटलं मी कामचुकार झालो. म्हातारपणी. रोज जिन्यात बसून स्वतःला शिव्या घालत होतो गं, की चिमीनं स्वतः बघितलंय, सगळं ठीक आहे, आणि तू इथे नाटकं करतोयस." तिने प्रोब खाली ठेवला नाही. ठेवायला हवा होता, बघून झालं होतं, पण हात काढला तर आपल्याला त्याला धरायला काही निमित्त उरणार नाही असं तिला वाटलं. पडद्यावर तो कप्पा जसा जमेल तसा ढकलत होता. ती रडली, हे सांगायलाच हवं. नाक पुसायला दुसरा हात होता, तो तिने वापरला. थोड्या वेळाने दादाच म्हणाला, "तुझा हात थरथरतोय. खांदा का? कधीपासून?" "वर्ष झालं." "आणि सांगितलंस कुणाला?" तिने प्रोब आणखी घट्ट धरला. "उचल तो हात," दादा म्हणाला, "आणि मोठ्या डॉक्टरांना सगळं सांग. माझं सांग, आणि वर्षभरात आणखी ज्यांना असं वरून बघितलं असशील त्यांचंही. मी बाहेर बसतो, घाई नाही. आज मी कुठे जिना चढत नाही."

पोस्टमनचा फोन नंबर सकाळच्या कागदावर होता. तिने तो कागद बाजूला काढून ठेवला. मग कोरा फॉर्म घेतला. वरच्या बाजूला नाव, वय, आणि त्याखाली एक ओळ असते, रुग्णाची तक्रार. बावीस वर्षं ती तिथे न विचारताच "विशेष नाही" लिहीत आली होती, मागच्या वेळी दादाच्या फॉर्मवरही तेच होतं. "उठू नकोस," ती म्हणाली, "आधी तक्रार सांग. सगळी सांग." दादा भिंतीकडे तोंड करून सांगायला लागला, तिसऱ्या मजल्यापासून, हळूहळू, थांबत थांबत. दोन उश्यांपर्यंत येईतो ती ओळ भरली. तिने कागद उलटा केला आणि मागच्या बाजूला लिहायला घेतलं.